लिंबाच्या फोडीशेजारचा ग्लास

डिसेंबर लागला की मराठी वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते: निफाडचा पारा घसरला. राज्यातल्या नीचांकी तापमानांच्या यादीत नाशिक जिल्ह्यातल्या या गावाचं नाव हमखास असतं. कडाक्याच्या थंडीत खायच्या द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. वाइनच्या द्राक्षाला मात्र हा गारठा मानवतो. दिवसाच्या उन्हाने मण्यात साखर भरते आणि रात्रीच्या थंडीमुळे मण्यातलं आम्ल टिकून राहतं. नाशिक विषुववृत्तापासून जेमतेम २० अंशांवर आहे, आणि वाइनचे जुने नामांकित मुलूख साधारण ३० ते ५० अंशांच्या पट्ट्यात येतात. त्या हिशेबाने इथे चांगली वाइन व्हायला नको होती. ती होते, कारण हा प्रदेश सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि इथल्या शेतकऱ्याने छाटणीचं वेळापत्रक हवामानाला जुळवून घेतलं आहे. थंड देशात वेल हिवाळाभर झोपते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमधली खरड छाटणी काडी तयार होण्यासाठी असते, तर पावसाळा सरता सरता केलेली गोडी छाटणी फळासाठी. मग मणी भरतात ते ऐन थंडीत, आणि तोड चालते जानेवारी ते मार्च. नाशिकच्या वाइनच्या मुलखातून फिरायचं तर हे आम्ल पहिल्यापासून ध्यानात ठेवावं. माझं म्हणणं असं आहे की मराठी ताटात वाइनला जागा असेल, तर ती लिंबाच्या फोडीशेजारी आहे, ताकाच्या आणि सोलकढीच्या पंगतीत आहे. आणि वाइन नीट चाखायची म्हणजे हे काम तिला जमतं की नाही, ते जिभेने ओळखायचं.

पुण्याहून येणाऱ्याची वाट नारायणगावावरून जाते. १९८०च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी इथे फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फसफसणारी वाइन तयार केली आणि ती ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी गेली. पण वाइनचा मुलूख म्हणून नाव झालं ते नाशिकचं. राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये गंगापूर धरणाजवळ ‘सुला’ सुरू केली आणि २००० मध्ये शेनिन ब्लांक व सोव्हिन्यों ब्लांक या दोन पांढऱ्या वाइन बाजारात आणल्या. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण जाहीर केलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क आखले गेले, आणि पुढच्या काही वर्षांत दिंडोरी, निफाड, इगतपुरी या तालुक्यांत वायनऱ्या उभ्या राहिल्या. नाशिक शहरातून गंगापूर रस्त्याने धरणाकडे निघालं की अर्ध्या तासाच्या आत दोन-तीन वायनऱ्यांत पोहोचता येतं. तिथली बाग जवळून पाहावी. खायच्या द्राक्षाची बाग मांडवावर पसरलेली असते. वाइनच्या द्राक्षाची वेल तारांवर सरळ वर चढवलेली, ओळीने उभी असते. घड लहान, मणी वाटाण्याएवढे, साल जाड आणि आत बिया. तोडीच्या दिवसांत एखादा मणी चाखायला मिळाला, तर तो गिळण्याची घाई करू नये. गर खायच्या थॉमसन द्राक्षापेक्षा गोड लागतो, कारण वाइनसाठी साखर २२-२४ अंश ब्रिक्सपर्यंत चढू देतात. गर संपल्यावर साल दाढेखाली धरून चावत राहावी. काळ्या द्राक्षाची असेल तर जीभ जांभळी होते, आणि थोड्या वेळाने हिरड्या आणि गालांची आतली बाजू जांभळं खाल्ल्यासारखी आवळून येते. लाल वाइनमध्ये जे असतं आणि पांढरीत जवळपास नसतं, ते हे टॅनिन. लाल वाइन सालीसकट आंबवतात, पांढऱ्या वाइनसाठी रस आधी पिळून साल बाजूला काढतात. ताटाशी मेळ घालताना हा एवढा फरक पुढे फार उपयोगी पडतो.

चाखण्याच्या खोलीत सहसा पाच-सहा वाइन ओळीने ओतल्या जातात, पांढरीपासून लालपर्यंत, आणि अर्ध्या तासात सगळं आटोपतं. एवढ्या वेळात काय करायचं, हे आधी ठाऊक असलं तर पैसे सार्थकी लागतात. ग्लास दांड्याशी धरावा, कारण हाताच्या उबेने वाइन तापते. पांढऱ्या कागदावर तो किंचित कलता करून रंग पाहावा. पांढरी वाइन जुनी होत गेली की सोनेरी होते, लाल वाइन विटकरी होत जाते. मग ग्लास टेबलावरच ठेवून दोन-चार वेढे फिरवावा, म्हणजे वास मोकळे होतात, आणि नाक ग्लासात घालून निवांत हुंगावं. त्यानंतरचा घोट लहान असावा, आणि तो बशीतला गरम चहा भुरकतो तसा थोडी हवा आत ओढून भुरकावा. चारचौघांत हा आवाज करायला अनेकांना संकोच वाटतो, पण त्यामागे शरीराची साधी रचना आहे. आपण ज्याला चव म्हणतो, तिचा मोठा भाग घशाच्या मागून नाकात चढणारा वास असतो. सर्दी झाली की पिठलंही बेचव लागतं ते यामुळेच. हवा आत ओढली की हा वास वर चढतो. घोट तोंडभर फिरवून सरळ थुंकून टाकावा. त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, ते मागून घ्यावं, विशेषतः पुढे गाडी चालवायची असेल तर. थुंकणं म्हणजे यजमानाचा अपमान, ही आपली समजूत इथे सोडावी. वाइन बनवणारे स्वतः दिवसभर हेच करतात. शेवटी तापमान. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी, हा नियम युरोपातल्या थंड दगडी घरांचा आहे, तिथली खोली १६ ते १८ अंशांची असते. एप्रिलमधल्या नाशिकच्या खोलीत त्याच वाइनमधलं अल्कोहोल नाकात झोंबतं आणि बाकी सगळं झाकून टाकतं. लाल वाइन अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून काढली, तर तिचा नूर पालटतो. पांढरी ८ ते १० अंशांवर चांगली, पण बर्फासारखी गार नको, कारण फार गार केलं की वासच मिटतो.

बहुतेक मराठी माणसाला इथे अडवते ती भाषा. बाटलीमागच्या लेबलावर गूजबेरी, ब्लॅककरंट, सीडर अशी नावं असतात, आणि ज्याने ही फळं आणि लाकडं कधी हुंगलेली नाहीत, त्याला वाटतं की वाइन आपल्याला कळणारी गोष्ट नाही. ही समजूत खोडून काढायला हवी, आणि त्यासाठी रसायनशास्त्रच आपल्या बाजूला उभं आहे. सोव्हिन्यों ब्लांकचा ओळखीचा वास गंधकयुक्त संयुगांमुळे येतो, आणि त्यांतली मुख्य संयुगं पेरूतही असतात. त्या ग्लासात नाशिकचा माणूस ‘पिकत आलेला पेरू’ म्हणाला, तर तो लेबलापेक्षा जास्त अचूक बोलला. शिराझ या लाल वाइनमधला मिरीचा वास खरोखरच मिरीचा असतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं की रोटंडोन नावाचं एकच संयुग काळ्या मिरीत आणि शिराझच्या सालीत सापडतं. कॅबर्ने सोव्हिन्यों पुरती पिकली नसेल, तर तिच्यात ढोबळी मिरचीचा वास येतो, आणि तिथेही रेणू तोच. मस्कत द्राक्षाच्या फुलासारख्या वासातलं लिनालूल हे धण्याच्या तेलातलं प्रमुख द्रव्य आहे. म्हणजे मसाल्याच्या डब्यावर आणि फळाच्या टोपलीवर वाढलेलं नाक वाइन ओळखायला आधीच तयार असतं. दोषांसाठी तर मराठीत शब्दांचा तुटवडाच नाही. बुचाला बुरशीचा संसर्ग झाला असेल तर वाइन कुबट येते, हवा लागून बिघडली तर आंबूस, आम्ल कमी पडलं तर मचूळ. आणि तुरट हा शब्द तर वाइनसाठीच जन्मला असावा. आयुर्वेदाने षड्रसांत कषाय रसाला स्वतंत्र जागा दिली. आजचं विज्ञान तुरटपणाला चव न म्हणता स्पर्श मानतं, कारण टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकतं आणि तोंडाचा ओशटपणा निघून जातो. तो स्पर्श असो की रस, त्याला वेगळं नाव असलेल्या भाषेत वाढलेला माणूस आवळा, सुपारी, कच्चं केळं यांच्या आठवणीवर टॅनिनची प्रत लावू शकतो.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. हा सगळा वासांचा आणि चवींचा पसारा मनाचे खेळ आहेत, आणि तज्ज्ञांनाही काही कळत नाही, असा. त्याला पुरावाही आहे. बोर्दोमध्ये वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये वासरहित लाल रंग मिसळून दिला, तेव्हा त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. हा प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियात रॉबर्ट हॉजसन यांनी २००८ मध्ये मांडलेला अभ्यास आणखी बोचरा आहे. मोठ्या स्पर्धेतल्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन नकळत तीनदा दिली, आणि तिन्ही वेळा एकाच पदकाच्या आसपास गुण देणारे परीक्षक दहांत साधारण एकच निघाले. हे निष्कर्ष मला मान्य आहेत. गुणांकन आणि पदकांची चिकटपट्टी पाहून बाटली निवडू नये, हे त्यांवरून सरळ निघतं. पण त्यांवरून चाखणंच निरर्थक ठरत नाही. डोळ्याने नाकाला फसवलं, एवढंच बोर्दोच्या प्रयोगात दिसतं, आणि त्यावर उपाय म्हणजे बाटली कागदात गुंडाळून चाखणं. माणसामाणसांतला फरकही खरा आहे. रोटंडोनच्या अभ्यासात सुमारे पाचातल्या एकाला तो वास येतच नव्हता. म्हणून शेजारच्याला मिरी जाणवली आणि आपल्याला नाही, यात कुणीच खोटं बोलत नसतं. वासांच्या नावांवर भांडण होऊ शकतं, पण वाइनमध्ये आम्ल, साखर, टॅनिन आणि अल्कोहोल किती, हे प्रयोगशाळेत मोजता येतं, आणि जिभेलाही पुरेसं कळतं. अन्नाशी मेळ घालायला या चार गोष्टीच लागतात. पेरूचा वास आला की नाही, हे ताटापुढे दुय्यम आहे.

या चार गोष्टी ताटासमोर कशा बदलतात, हे पाहायला दहा मिनिटं पुरतात. एका लहान ताटलीत लिंबाची फोड, चिमूटभर मीठ, गुळाचा खडा, मूठभर खारे दाणे आणि तिखटाचं बोट घ्यावं. सोबत एक किंचित गोडसर शेनिन ब्लांक आणि एक कडक लाल वाइन असावी. आधी दोन्हींचा नुसता घोट घ्यावा. मग जिभेवर लिंबू पिळून पांढरी प्यावी. मघाशी आंबट वाटलेली ती आता गोड आणि भरीव लागते, कारण जिभेचं आंबटाचं माप लिंबाने वर नेऊन ठेवलेलं असतं. गूळ खाऊन लाल प्यावी. ती एकदम कडवट आणि आंबट होते. जिलबी खाल्ल्यावर चहा अगोड लागतो, तेच इथे घडतं. मीठ चाटून लाल घेतली की तिचा कडूपणा ओसरतो. आवळ्याला मीठ लावून खाणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. दाणे चावून लाल घेतली तर तुरटपणा मऊ होतो, कारण टॅनिनला बांधायला लाळेऐवजी दाण्यातली प्रथिनं आणि तेल मिळतं. कडक चहात दूध पडताच तो मवाळ होतो, त्यामागेही हेच बंधन आहे. शेवटी तिखटाचं बोट आणि लाल वाइनचा घोट. इथे तोंड पेटतं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून याचं कारण कळलं. मिरचीतलं कॅप्सायसिन ज्या ग्राहीवर काम करतं, त्याचंच मूळ काम उष्णतेची सूचना देणं, आणि अल्कोहोल त्या ग्राहीचा उंबरठा सुमारे ४२ अंशांवरून ३४ अंशांपर्यंत खाली आणतं. शरीराची साधी ऊबही मग भाजल्यासारखी जाणवते. साडेचौदा टक्के अल्कोहोलची, लाकडी पिंपात मुरवलेली लाल वाइन तांबड्या रश्श्याबरोबर देणं म्हणजे पाहुण्याच्या तोंडात निखारा ठेवणं. दुर्दैवाने मटणाच्या ताटाशेजारी बहुतेक ठिकाणी तीच ठेवली जाते, कारण ‘मांसाला लाल, माशाला पांढरी’ हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं.

ते सूत्र चूक नाही, पण अपुरं आहे. ते ज्या मांसासाठी तयार झालं ते भाजलेलं किंवा लोण्यात शिजवलेलं, मीठ-मिरीपुरतं मसालेदार मांस असतं. तिथे टॅनिनला चरबी भेटते आणि मेळ जमतो. आपल्या रश्श्यात चरबी असते, पण तिच्याआधी मिरची, काळा मसाला आणि भाजलेलं सुकं खोबरं बोलतं. नाशिकची मिसळ हे याचं सगळ्यात कठीण आणि म्हणून सगळ्यात चांगलं उदाहरण. द्राक्षबागांच्या वाटेवरच मिसळीची नामांकित ठिकाणं आहेत. मटकीची उसळ, वर फरसाण, वेगळ्या वाटीत काळपट तर्री, बाजूला कांदा, लिंबू, दही, पापड आणि पाव. ही रचना नीट पाहिली, तर जोडी कशी लावायची याचा धडा ताटातच मांडलेला दिसतो. तर्रीच्या जाळावर दही, तेलाच्या तवंगावर लिंबू, मऊ उसळीला कुरकुरीत फरसाण. मिसळीसोबत कोणती वाइन, या प्रश्नाचं उत्तरही मग सरळ येतं. दही आणि लिंबू मिळून जे करतात, ते जिला जमेल ती. ती गार असावी, अल्कोहोल बारा टक्क्यांच्या आसपास, आम्ल ठसठशीत, आणि साखर अगदी थोडी, पण असावी, कारण गोडी तिखटाचा दाह कमी करते. किंचित गोडसर ठेवलेल्या शेनिन ब्लांकचं हेच वर्णन आहे. हे द्राक्ष मूळचं फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातलं. तिथे त्याची कोरडी, निमगोड, पूर्ण गोड आणि फसफसणारी अशी चारही रूपं बनतात. गरम हवेतही ते आम्ल सोडत नाही, म्हणून दक्षिण आफ्रिकेत त्याची लागवड जगात सर्वाधिक आहे, आणि म्हणूनच नाशिकमध्ये ते रुजलं. काही जाणकार या निमगोड वाइनला नवशिक्यांची म्हणून नाकं मुरडतात. त्यांनी ती नुसती चाखलेली असते, जेवणासोबत नाही. नुसत्या घोटात भारदस्त वाटणारी वाइन ताटाशी आली की आडमुठी होते, आणि साधी वाटणारी कामाला येते, हा अनुभव मिसळीपुढे हमखास येतो.

यापेक्षा गंभीर आक्षेप ताटाच्या रचनेवरचा आहे. युरोपात एका वेळी एकच पदार्थ समोर येतो, म्हणून एका पदार्थाला एक वाइन जुळवता येते. आपल्या ताटात डावीकडे लोणचं, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या आणि आमटी, मध्ये भात, आणि गोडही त्याच वेळी. दर घासाला चव बदलते. मग वाइन कशाकशाशी जुळवणार? आक्षेपात तथ्य आहे, पण त्याच्या मुळाशी एक विसर आहे. एकामागून एक पदार्थ वाढण्याची रीत खुद्द फ्रान्समध्ये १९व्या शतकात रुजली. त्याआधी तिथल्या श्रीमंतांच्या मेजावरही अनेक पदार्थ एकदम मांडलेले असत, आणि तरीही वाइन प्यायली जात होतीच. दुसरं असं की बदलत्या घासांसोबत चालणारं पेय आपल्याकडे आधीपासून आहे. मठ्ठा आमटीशी जुळतो की बटाट्याच्या भाजीशी, असं कुणी विचारत नाही. तो दोन घासांच्या मधला असतो. तो जीभ धुतो, तेल उतरवतो आणि पुढच्या घासाला जागा करून देतो. सोलकढी तेच करते, कोकमाच्या आम्लाने आणि नारळाच्या दुधाच्या स्निग्धतेने. वाइनकडून नेमकं हेच मागितलं, तर ताटातले दहा पदार्थ अडचण ठरत नाहीत. पदार्थ न बघता ताटातली सगळ्यात मोठी गोष्ट बघायची: तिखट मोठं, आंबट मोठं, की गोड? चिंचगुळाची आमटी आणि कैरीचं लोणचं असेल, तर वाइनचं आम्ल त्याच्या तोडीचं हवं, नाहीतर ती मचूळ पडते. ओल्या नारळाचं वाटण असेल, तर गोडसरपणा शोभतो. खानदेशी भरिताला वांग्याच्या भाजलेल्या सालीचा धूर असतो. तिथे मिरीचा वास असलेली, पिंपात न मुरवलेली हलकी शिराझ अर्धा तास गार करून द्यावी. मला ही जोडी या सगळ्या मुलखातली सर्वांत समाधानकारक वाटते. भरितात मिरची हिरवी आणि बेताची असेल, तरच. काळ्या मसाल्याच्या शेवभाजीशी तीच शिराझ भांडते.

माशाच्या बाबतीत जुनं सूत्र टिकतं, आणि त्यामागचं कारण जपानी संशोधकांनी २००९ मध्ये शोधलं. त्यांनी अनेक लाल आणि पांढऱ्या वाइन शिंपल्यातल्या मांसासोबत चाखल्या आणि तोंडात मागे उरणारा हिवस वास मोजला. वाइनमध्ये लोह जितकं जास्त, तितका तो वास जास्त. लोहाचं प्रमाण लाल वाइनमध्ये सहसा अधिक असतं. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांना म्हणून लाल वाइन टाळावी. कोकणी आणि गोमंतकीय स्वयंपाकात हा हिवस वास मारायला कोकम, चिंच, तिरफळ वापरतात, आणि लिंबू तर असतंच. म्हणजे रोख पुन्हा आम्लाकडेच. तळलेल्या बोंबलासोबत कोरडी, धारदार सोव्हिन्यों ब्लांक लिंबाच्या फोडीसारखी चालते. गोव्यात पोर्तुगिजांच्या वाइन-लसणीच्या मुरवणातून विंदालू घडलं, आणि तिथे वाइनची जागा माडाच्या व्हिनेगरने घेतली. मातीने वाइनमधलं आम्ल उचललं आणि बाकीचं सोडलं, हे त्या पदार्थातून दिसतं.

नाशिकहून उत्तरेला दिंडोरीचा रस्ता धरला की जमीन थोडी चढते, डावी-उजवीकडे डोंगर येतात आणि मुरमाड मातीत वाइनच्या बागा दिसू लागतात. शाँदों या वाइन कंपनीने २०१३ मध्ये नाशिक जिल्ह्यातूनच आपली पहिली भारतीय फसफसणारी वाइन बाजारात आणली. अशी वाइन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात. तयार होणारा वायू बाहेर जाऊ शकत नाही, आणि आतला दाब वातावरणाच्या सहापट होतो. द्राक्षं त्यासाठी लवकर, आम्ल चढं असतानाच तोडतात. फसफसणारी वाइन आपल्याकडे वाढदिवसाला फवारण्यापुरती उरली आहे, याचं वाईट वाटतं, कारण तळणासोबत हिच्याइतकी चांगली वाइन दुसरी नाही. कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, कांदाभजी, बटाटेवडा: तेल आणि मीठ असलेल्या प्रत्येक गोष्टीवर तिचं आम्ल आणि बुडबुडे मिळून तोंड स्वच्छ करतात. नाशिकचा कोंडाजी चिवडा आणि या वाइनचा ग्लास ही जोडी याच जिल्ह्यात पूर्ण होते. मात्र फार तिखट पदार्थाबरोबर हिला नेऊ नये. बुडबुड्यांतला वायू तोंडात स्वतःची चुणचुण करतो आणि मिरचीचा दाह त्यात मिसळतो. वड्याबरोबर सुकी लसणाची चटणी असेल तर ती थोडी हात राखून लावावी.

पिंपळगाव बसवंत आणि निफाडवरून विंचूरकडे जाताना कांद्याचे ट्रॅक्टर आणि द्राक्षांच्या क्रेट भरलेल्या गाड्या एकाच रस्त्यावर असतात. इथे वाइनविषयीचा सर्वांत कळकळीचा विरोध आठवावा लागतो. २०२२च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि तो निर्णय अमलात आला नाही. ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असं त्या वादात काही जण म्हणाले. ते खरं नाही. वाइनमध्ये साधारण बारा-चौदा टक्के अल्कोहोल असतं, आणि अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. वाइन हृदयाला चांगली म्हणून प्या, असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. ज्या घरात माळ आहे, किंवा दारूने झालेली वाताहत पाहिलेली आहे, तिथे तिचा आग्रह धरणं हा अविचार आहे. मग तिच्याविषयी इतकं का लिहायचं? कारण ज्यांनी ती घ्यायचं ठरवलं आहे, त्यांच्यासाठी चाखण्याची रीत ही कमी पिण्याची रीत असते. सहा वाइनचे लहान घोट घेऊन थुंकणारा माणूस दोन बिअर रिचवणाऱ्यापेक्षा फार कमी अल्कोहोल पोटात घेतो. जेवणासोबत घेतलेला एक ग्लास, जेवणाआधी रिकाम्या पोटी घेतलेल्या तीन पेगांची जागा घेऊ शकतो. आपल्याकडे पिणं आधी आणि जेवण मागून, थंड झालेलं, हा क्रम पडून गेला आहे. त्यात स्वयंपाक करणाऱ्या बाईचे सगळे कष्ट वाया जातात, आणि चवीने प्यायचं ठरवलं तर हा क्रम मोडावाच लागतो.

मुंबईला परतणाऱ्याच्या वाटेवर इगतपुरी तालुका लागतो. घाटमाथ्यावर वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तिथून पूर्वेला सरकत गेलं की तो झपाट्याने कमी होतो. सांजेगावच्या बाजूला धरणांच्या पाण्यालगत काही वायनऱ्या आहेत. या प्रवासात शेवटी चाखायची ती गोड वाइन. घड वेलीवर नेहमीपेक्षा जास्त दिवस ठेवले की पाणी आटतं, साखर दाटते, आणि अशा उशिरा तोडलेल्या शेनिन ब्लांकची वाइन मधासारखी होते, पण आम्ल शाबूत असल्यामुळे गोडमिट्ट होत नाही. तिचा नियम एकच, गुळाच्या खड्याने शिकवलेला: वाइन पदार्थापेक्षा गोड हवी. पुरणपोळीसोबत ती जमते, कारण पुरणात डाळ आहे, जायफळ आहे आणि वर तूप. श्रीखंडासोबत जमत नाही, कारण चक्क्याचा आंबटपणा आणि भरपूर साखर दोन्ही तिच्यावर मात करतात. आणि काही ठिकाणी कुठलीच वाइन चालत नाही, हेही सांगायला हवं. हिरव्या मिरच्या तव्यावर भाजून, लसूण आणि मिठासोबत रगडलेला ठेचा, शेजारी ज्वारीची भाकरी आणि कच्चा कांदा. इथे आम्ल पुरत नाही आणि साखरही पुरत नाही. कॅप्सायसिनला धरून ठेवणारं प्रथिन दुधात असतं, द्राक्षात नसतं. अशा ताटाशी ग्लास बाजूला सारावा आणि ताकच घ्यावं, वर थोडं मीठ आणि ठेचलेलं आलं घालून.